हळद नव्हे, गंधक

मु. घोडपदेव, मुंबई
माघ वद्य तृतीया, शके १८१९

सौ. अंबिका वन्सं यांना मंजुळावहिनीचा नमस्कार. मी धडधाकट आहे. म्हशीनं यंदाही तुम्हालाच लाथ मारली म्हणे? तिला माणसं कळतात हो.

माझगावच्या वखारीत मी गंधकाची ढेकळं फोडते, हे तुम्हाला ठाऊकच. माल इटलीकडून आगबोटीनं येतो. शेठला रोज तार. भाव चढला की "हात चालवा गं!", उतरला की दाराला कुलूप. उद्या काम आहे का नाही, ते त्या तारेला ठाऊक. जिवाला थारा म्हणून नाही.

एवढं गंधक खातं कोण, म्हणून कारकुनाला विचारलं. तर म्हणे विलायतेत दोन चाकी गाड्यांचं खूळ आलंय. चाकांना रबर लावतात. नुसतं रबर उन्हात चिकटतं, थंडीत तडकतं. गंधक घालून शिजवलं की ताळ्यावर येतं.

मी म्हटलं, "मग चिमूटभर आमच्या मुकादमाला चारा."

मुकादम म्हणजे कुशाबा. आपल्याच जातीतला. बायको गेल्या साली गाठीच्या तापात गेली. हे आपलं उगाच सांगितलं.

गंधकानं आमचे हात सदा पिवळे. बायका चिडवतात, "मंजुळे, तुला रोजच हळद लागते गं!" मी हसते, पदराला हात पुसते. परवा तराजूपाशी कुशाबा हळूच म्हणाला, "रोज पुसतेस. एकदा राहू दे की."

तेव्हापासून वन्सं, ढेकूळ एकीकडे नि माझी हातोडी भलतीकडे.

भाव चढलाय म्हणून शेठ कराचीला वखार काढतोय. होळीच्या दुसऱ्या दिवशी कुशाबाची बोट. जायचं तर पाट लावून, नवरा-बायको म्हणून, दोघांनी.

गावाकडं निघालेल्या शिवाबरोबर सुकटीची पुरचुंडी पाठवलीय. मांजरीच्या आधी तुम्ही उघडा. आत तुमच्या दादानं जिवंतपणी मला घातलेली नथ आहे. पाट लावायचा तर पहिल्या घरचा डाग-दागिना परत द्यावा लागतो. मामंजींच्या हातावर ठेवा. त्यांनी घेतला तर मी मोकळी. शिवाबरोबर माघारी आला, तर मी आहे तिथंच, ढेकळं फोडत.

लोक म्हणतील, मंजुळेला डाग लागला. त्यांना सांगा, लागला नाही, परत केला.

डाग तेवढा परत केलाय वन्सं, तुम्हाला नाही.

अजून तरी तुमचीच वहिनी,
मंजुळा