देवाने चाखलेलं मीठ

॥ श्रीकृष्ण प्रसन्न ॥
धुळे, शुक्रवार

ती. आईस चारुलताचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत. तू फैजपूरहून दिलेली तुळस नि पुदिना इथे गच्चीत चांगले रुजले. तुझा गुडघा कसा आहे?

तुळशीची पानं सावलीत वाळवली, साखरेत वाटली नि देवळातल्या भजनी मंडळात नेली. आवडली तर जन्माष्टमीचा प्रसाद माझ्या हातचा होणार होता. तू शिकवलंस तसं नैवेद्याआधी जिभेला लावलं नाही. आरतीनंतर चिमूट-चिमूट वाटली, तशा मंडळातल्या भिकूआजी ओरडल्या, "हाई तं मीठ शे व माय! कान्हानं लोणचं घालस का व?"

पुदिन्याच्या मिठासाठी दळून ठेवलेलं मीठ मी पिठीसाखर समजून घेतलं होतं. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आल्यावर जेवण मात्र गेलं नाही.

पण मंगळवारी पुन्हा आणते, असं तिथेच सांगून आलेय. आता साखर काचेच्या बरणीत, मीठ चिनीमातीच्या. वाटल्यावर पहिली चिमूट घरच्या बाळकृष्णाला दाखवीन आणि तो प्रसाद म्हणून चाखीन. मगच बाकीची देवळात. तुझी रीत मोडत नाही ना? फोनवर सांग, पण मंगळवार काही टळायचा नाही.

उरलेलं ते तुळशीचं मीठ टाकवेना, म्हणून सोबत पाठवतेय. काकडीवर छान लागतं. बिनधास्त खा, देवाने आधीच चाखलंय.

तुझी,
चारू