नायिकेचा आवाज आणि नुंगंबाक्कमचे घर

मी, सौ. कुमुदिनी नारायणस्वामी राव, वय ८९, राहणार नुंगंबाक्कम, चेन्नई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवते. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहता फ्लॅट मी शाळेत हिंदी शिकवून घेतलेला, माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात माझे यजमान तेथे तहहयात राहतील. तोवर तो विकू नये, भाड्याने देऊ नये. नंतर मुलगा सुधींद्र व नात जननी यांना निम्मा-निम्मा.

यजमानांविषयी सांगते. १९५६ साली इथल्या एका स्टुडिओत हिंदी विनोदी प्रेमपट झाला. श्रीमंत मुलीच्या बंगल्यात नायक माळी बनून राहतो, अशी गोष्ट. नायिकेला हिंदी येत नव्हती, म्हणून तिला आवाज मी दिला. मी मिरजेची; वडिलांची रेल्वेतली बदली झाली म्हणून इथे आलेली. माळ्याचे सोंग उघडे पडल्यावर ती "आप जाइए" म्हणते, पण त्याने जाऊ नये असेच तिला वाटत असते. दिग्दर्शकांना माझे पहिलेच म्हणणे पसंत पडले. ध्वनिमुद्रणाला बसलेल्या तंजावूरच्या नारायणस्वामींनी मात्र ते नऊ वेळा म्हणवून घेतले.

मी चिडून विचारले, "दोष काय आहे?"

"दोष कांहीं नाहीं," ते म्हणाले. "ऐकूलालों."

नुसते ऐकतो आहे, असे त्यांना म्हणायचे होते. त्यांची ती तंजावरी मराठी ऐकून मला हसू आवरेना. पुढच्या वर्षी आमचे लग्न झाले.

२. कबूल करूनही निर्मात्याने चित्रपटात माझे नाव घातले नाही. तो राग मी इथेच सोडते. थोरले बंधू बाळकृष्ण "सिनेमावाल्याच्या दारात मी उभा राहणार नाही" म्हणून लग्नाला आले नाहीत. तो राग ते गेल्यावरही सुटलेला नाही. आईच्या पाटल्या मात्र त्यांच्या मुलीला, यामिनीला द्याव्यात. तिचा यात काही अपराध नाही.

३. चित्रपटाची प्रत जननीने शोधून आणली, ती तिचीच.

४. फ्लॅट विकून वडिलांना पेरुंगुडीला वृद्धनिवासात ठेवावे, असे सुधींद्रचे मत आहे. "तिथे सगळी सोय आहे, अम्मा." सोय मलाही कळते. पण सहा वर्षांपासून यांना ऐकू येत नाही. या घरात कोण कुठे आहे, हे त्यांना न ऐकताही कळते.

काल हा मजकूर मी सुधींद्रला तमिळमध्ये सांगितला. तो मग उठून न्हाणीघरात गेला आणि त्याच्या अप्पांना धरायला दांडा कुठे बसवावा, ते टेपने मोजू लागला. म्हणून या कलमातले त्याच्याविषयीचे एक वाक्य मी खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

कुमुदिनी ना. राव

आमच्यासमक्ष सही केली:
डॉ. सुष्मिता अरुण, शेजारी
वेंकोबा गुंडो राव, निवृत्त बँक कर्मचारी

चेन्नई, ९ ऑक्टोबर २०२५