न दाखवलेली राई

आबा, गेल्या आठवड्यात राईच्या वळणावर गाडी थांबवली आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्ही होतात तेव्हा आपलं बोलणं फारसं झालं नाही. तुम्ही बैलांशी जास्त बोलायचात आणि मी गिऱ्हाइकांशी. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता मी मोठा झालोय, तेव्हा थोडं बरोबरीच्या नात्याने बोललो तर रागावू नका.

भायखळ्याचं गॅरेज सोडून मी लिलावातली जीप घेऊन पोलादपूरला आलो, तेव्हा अख्खी वाडी हसली होती. ज्या डोंगरांना कंटाळून आपली माणसं मुंबईला पळतात, ते डोंगर बघायला मुंबईवाला इथं येणार, हे कुणाला पटेना. तुम्ही अंगणात दोर वळत होतात. मान वर न करता बोललात, "बघू दे की. बघून डोंगर झिजत नाय." तुमच्या तोंडून मला मिळालेला तेवढाच आशीर्वाद. त्याच्यावर मी धंदा उभा केला.

आणि धंदा कानांवर चालला, आबा. एसटीतून उतरणारा पहिलं वाक्य काय बोलतो, त्यावरून मला कळायचं याला कुठं न्यायचं. "हवा छान आहे" म्हणणारा पुण्याचा, त्याला शिवथरच्या घळीत, धबधब्याच्या आडोशाला गप्प बसायला. "जेवायचं काय?" असं आधी विचारणारा मुंबईचा, त्याला हिरकणीवाडीत पिठलं-भाकरी आणि मग गड. गुडघे धरून उतरणाऱ्या आजीला सवचे गरम झरे. पोरं बरोबर असली तर महाडला सावित्रीच्या काठी, जिथं मगरी ऊन खात पडलेल्या असायच्या. एवढ्यानं ज्यांची हौस फिटली नाही, त्यांना थेट हरिहरेश्वरचा समुद्र. परतताना मंडळी खूश, मीही खूश.

एकच जागा राहिली होती. ती सकाळ मला अजून दिसते. आई चुलीपुढे नाचणीची भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय, आणि मी मोठ्या उत्साहाने सांगतोय की आता लोकांना आपली राई दाखवायची. एवढे उंच बेहडे, असे गरुड दुसरीकडे कुठं आहेत? आपण गरुड म्हणायचो, पुण्याची माणसं धनेश म्हणतात, तो मोठ्या चोचीचा पक्षी.

"नाय," तुम्ही बोललात.

"बघून झिजत नाय, तुम्हीच बोलला होतात."

"डोंगर नाय झिजत. राई झिजते."

"आबा, जमाना बदललाय."

"मग जमान्याला न्ये शिवथरला."

आईने भाकरी तव्यावर टाकली. "बाप-लेक भांडताय, आणि पहिली भाकरी थंड झाली ती कोण खाणार? मी?"

खाऊन झाल्यावर तुम्ही मला घेऊन निघालात. राईच्या तोंडाशी वहाणा काढल्या. देवाचं रान ते, आतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी न्यायची नाही, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. छप्पर नसलेल्या देवापाशी आपण बसलो. मग वरून तो आवाज आला, लोहाराचा भाता चालावा तसा, दमदार, एकेक पंखाचा. कानांवर जगणारा माणूस मी, पण तसा आवाज पुन्हा मिळाला नाही. नर चोचीत उंबरं घेऊन आला आणि ढोलीपाशी टेकला. मादी आत अंड्यांवर होती, ढोलीचं तोंड लिंपून घेतलेली, फक्त चोचीपुरती फट ठेवून.

तेव्हा तुम्ही सांगितलंत. ऐन तरुणपणी तुम्ही मुंबईच्या एका पाव्हण्याला कौतुकाने राई दाखवली होती. पुढच्या खेपेला तो बंदूक घेऊन आला. नर पडला. "आतली वाट बघत राहिली रे. चार दिस मी ऐकत होतो. मग ऐकू यायची बंद झाली." एवढं बोलून तुम्ही उठलात. मी काही शपथ घेतली नाही, तुम्ही मागितलीही नाहीत. पण जन्मात तुमची एकच गोष्ट मी निमूट ऐकली, ती ही.

पुण्याचे एक पेन्शनर दरवर्षी यायचे. गळ्यात दुर्बीण. एकदा या वळणावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात मारला. "थांबवा, थांबवा! पंखांचा आवाज ऐकलात?"

"ट्रक असेल, साहेब. कशेडीचा घाट चढत असेल."

"अहो, तुमच्याकडे ट्रक आकाशातून जातात काय?"

मी हसलो आणि गिअर टाकला. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं, तर तुम्हीही हसलात. तुम्हाला मी हसवल्याचं मला तेवढंच आठवतं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने ठरवलं, देवाला स्लॅबचं देऊळ बांधायचं. पैशासाठी राईतली झाडं विकायची. देवाला कौल लावला, तो उजवा आला, म्हणजे देवाचा होकार. तरी मी सभेत उभा राहिलो. म्हटलं, झाडं राहू द्या, लोक लांबून ही राई बघायला येतील. मंडळाचा सेक्रेटरी, माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर आंबे पाडलेला, शांतपणे बोलला, "इतकी वर्षं जीप फिरवतोस. गड दाखवलास, घळ दाखवलीस, मगरीसुद्धा दाखवल्यास. एक तरी पाव्हणा आणलास काय रे राईत?" मागून कुणीतरी बोललं, "दुकानदारच जो माल बाहेर मांडीत नाय, त्याला काय किंमत?" सगळे हसले. बोलण्यावर पोट भरणारा मी, खाली बसलो. तुमचं नाव घेतलं असतं तर तुमचा पाव्हणा आणि त्याची बंदूकही सांगावी लागली असती, आणि ते तुम्ही फक्त मला सांगितलं होतं.

शिमगा झाल्यावर कुऱ्हाडी लागल्या. शिमगा झाला म्हणजे, आबा, ढोल्यांची तोंडं लिंपून माद्या आत बसल्या होत्या. मी तेवढे दिवस लांबची भाडी घेतली.

पुण्याचे साहेब पुढच्या वर्षी आले. तोडलेल्या बुंध्यांमध्ये उभे राहून बराच वेळ दुर्बिणीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "एक शब्द बोलला असतात," ते म्हणाले, "तर मी दहा माणसं उभी केली असती." रागावले असते तर बरं झालं असतं. पुन्हा कधी आले नाहीत.

मी किती वेळा हा हिशेब मांडलाय. तुम्ही दाखवलंत म्हणून एक ढोली गेली. मी दाखवलं नाही म्हणून राई गेली. तुमचं चुकलं असं म्हणवत नाही, आणि माझं बरोबर होतं असंही वाटत नाही.

आता देवळासमोर फरशी आहे, दुपारी पाय भाजतात. पण गेल्या आठवड्यात वळणावर गाडी थांबवली ती उगाच नव्हे. पलीकडच्या, डोंगराच्या कुशीतल्या खोंडीतून तो भाता ऐकू आला. आधी कानांवर विश्वास बसला नाही. खाली उतरून पाहिलं, तर एका जुन्या बेहड्यावर जोडी, लगेच पानांआड झाली. मागच्या सीटवर कॉलेजातली एक मुलगी होती, तिच्या गळ्यातही दुर्बीण. ती धडपडत खाली उतरली.

"काका, कसला आवाज आला तो?"

तिचा चेहरा चांगला होता, आबा. तसे चेहरे मी ओळखतो. हिला सांगावं, ही दहा माणसं उभी करील, असं मनात येईपर्यंत मी बोलून मोकळा झालो होतो.

"काय नाय गो. ट्रक असेल, कशेडीचा."

ती परत गाडीत बसली. या वेळी मला कुणी मनाई केलेली नव्हती.