न पाठवलेला एक्स-रे

नॉटिंगहॅम,
गुरुवार

प्रिय अनुप,

फोन सोडून ताईने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मला हसवतोस, म्हणून. लहानपणापासूनची तुझी युक्ती आहे ही. आधी घोळ घालायचा, मग कुणाची तरी नक्कल करायची आणि आईला हसू फुटलं की सटकायचं. बासष्टावं लागलं तरी मी अजून फसते. कागदावर तुला माझं बोलणं मध्येच तोडता येणार नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच. मी भयंकर चिडले आहे आणि ते लपवण्याचा माझा अजिबात इरादा नाही.

भुऱ्याचं ऑपरेशन मंगळवारी झालं. डावा खुबा बदलला. उजव्याचं तीन महिन्यांनी करायचं आहे. सोळा महिन्यांचं पोर ते! तुझ्या टेसच्या पहिल्या वेतातलं सगळ्यात दांडगं पिल्लू म्हणून तूच आमच्या ओटीत घातलं होतंस. आता ते स्वयंपाकघरात पिंजऱ्यात पडून असतं, अर्धं अंग भादरलेलं, गळ्यात तो प्लास्टिकचा कर्णा. मी फ्रीज उघडला की शेपटी तेवढी हलते. तुझे जिजाजी दीनानाथ त्याच्याशेजारी जमिनीवर बसून असतात. गुडघे दुखतात तरी खुर्ची घेत नाहीत.

तुला आठवतं ना, कुत्रा घ्यायची कल्पना तुझीच होती? चांगली होती, हे रागातसुद्धा कबूल करते. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यापासून दीनानाथ दिवसभर खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या गाड्या कशा चुकीच्या लावल्यात ते मला सांगत बसायचे. तू म्हणालास, जिजाजींना शिकार उचलून आणणारा रिट्रीव्हर घेऊन देऊ, हिवाळ्यात माझ्याबरोबर पक्ष्यांच्या शिकारीला, शूटला येतील, उन्हाळ्यात नातवंडं, वीर आणि तनू, त्याच्याशी खेळतील. तुझ्या त्या शूटची आम्ही किती थट्टा केली होती! घरात अंड्याचा वास आला तर नाक धरणारा माझा भाऊ, फार्मसी बंद करून, लेस्टरशायरच्या चिखलात हिरवे बूट घालून उभा, आणि टेस पडलेले फेझंट पक्षी एकेक करून त्याच्या हातात आणून देतेय. पण तो फोटो दीनानाथ पुन्हापुन्हा बघायचे. त्यांना तसंच उभं राहायचं होतं.

मग मी शोध सुरू केला. तू हसलास, पण मी वही केली होती. एकाने पिल्लू मोटरवेच्या सर्व्हिसेसच्या कार पार्कमध्ये आणून देतो म्हटलं. एकीकडे पिल्लांची आई दर वेळी नेमकी फिरायला गेलेली असायची. सात जणांवर फुल्या मारल्यावर लिंकनशायरमधल्या त्या मिसेस हारग्रीव्ह सापडल्या. स्वयंपाकघरात पिल्लांची आई, तिची आई आणि मावशी अशा तिघी पसरलेल्या. टेबलावर फाइल होती. पिल्लांच्या आईबापांच्या खुब्यांचे स्कोअर, म्हणजे एक्स-रे तपासून तज्ज्ञांनी दिलेले गुण, कोपरांचे रिपोर्ट, डोळ्यांच्या तपासण्या, सगळं लावून ठेवलेलं. आणि मग बाईंनी आम्हालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरी कोण असतं, बागेचं कुंपण किती उंच, कुत्रा बारा वर्षांचा होईल तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल, तुम्ही आजारी पडलात तर तो कुणाकडे जाईल. सांभाळता आला नाही तर कुत्रा दुसऱ्या कुणालाही न देता मलाच परत द्यायचा, हे सहीनिशी लिहून हवं म्हणाल्या. आणि एवढं करून नऊ महिने थांबायचं. दीनानाथ गाडीत बसताच कडाडले, की तीस वर्षं या देशातल्या लोकांचे खुबे बदलले, मला कुणी एवढं विचारलं नाही, ही बाई कोण लागून गेली.

मला ती बाई आवडली होती, अनुप. मुलीच्या बापाने विचारावं तसं विचारत होती, म्हणजे तिला पिल्लाची काळजी होती. हे मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण घरी पोचायच्या आत तुझा फोन आला. घरचं असताना परक्याच्या दारात रांग कसली लावतेस, टेसला पिल्लं होणार आहेत, असं म्हणालास. दोघांनाही सुटल्यासारखं झालं.

आणि इथे आम्ही जी माती खाल्ली ती फक्त आपल्याच लोकांना खाता येते. आईने तुझ्यासाठी अरुणाचं स्थळ बघितलं तेव्हा तिच्या मामांच्या मधुमेहापर्यंत चौकशी केली होती. मिसेस हारग्रीव्हकडे मी फाइलीतलं पान न् पान वाचलं. आणि तुझ्याकडे? तुझ्याकडे मी पेढे घेऊन आले. अरुणाने पिल्लाला ओवाळलं, वीरने त्याचं नाव भुऱ्या ठेवलं, आपण पुरणपोळी खाल्ली. टेसचा स्कोअर काय, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पण सख्ख्या भावाकडे कागद मागायचे? तोंडच उघडेना. आणि दीनानाथ, जे एक्स-रे बघितल्याशिवाय माणसाला हात लावत नसत, ते मेहुण्याच्या अंगणात उभे राहून म्हणाले, वा, काय देखणं पोर आहे!

नऊ-दहा महिन्यांचा झाला आणि भुऱ्या फिरताना मध्येच बसायला लागला. गाडीत उडी मारेना. सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकायचा. तोवर दीनानाथ रोज सकाळी त्याला नदीकाठच्या कुरणावर न्यायचे, शिट्टी वाजवायचे, उचलून आणायच्या सरावासाठी कापडी डमी फेकायचे, लाकडी कुंपणावरून उडी मारायला शिकवायचे. वजन कमी झालं होतं त्यांचं, गालांवर रंग आला होता. कुत्रा लंगडायला लागल्यावर त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. कोवळ्या सांध्यांवर मीच भार टाकला, मला कळायला हवं होतं, असं सारखं घोकत बसायचे. कुरणावर जाणं थांबलं आणि ते परत खिडकीशी जाऊन बसले.

हे तुला माहीत होतं. गणपतीत तू आमच्याकडे आलास तेव्हा ते हे सगळं तुझ्यासमोर बोलले. आणि तू, प्रसादाची वाटी हातात धरून, त्यांना काय म्हणालास? जिजाजी, जरा जास्तच पळवलंत हो त्याला.

हे वाक्य मी मुद्दाम अधोरेखित केलं आहे.

कारण मागच्या रविवारी तू ऑपरेशनची चौकशी करायला फोन केलास. मी सांगितलं की स्पेशालिस्ट आईबापाचे स्कोअर विचारत होता. तर तू हसलास, अनुप. अगदी सहज म्हणालास की टेसचा एक्स-रे काढला होता, पिल्लं व्हायच्या आधी वर्षभर; व्हेट म्हणाली खुबे उथळ आहेत, हिला पिल्लं होऊ देऊ नका; ही मंडळी घाबरवतातच, म्हणून स्कोअरिंगला पाठवलाच नाही; टेस बघ कशी शूटवर दिवसभर पळते. पाठवला नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे दोष नाही! फार्मसीत बसून लोकांना औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचून दाखवणारा तू, आणि स्वतःच्या कुत्रीचा एक्स-रे खणात टाकून दिलास. अरे, कुत्रं लंगडं निघालं याचा मला एवढा राग नाही. सहा महिने एक म्हातारा माणूस तुझ्यासमोर स्वतःला कोसत होता आणि तू त्याला कोसू दिलंस, वर त्यात भर घातलीस, याचा आहे. मी दीनानाथांना हे सांगितलं. ते उठून भुऱ्याच्या पिंजऱ्यापाशी गेले आणि खूप वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला वाटतं, ते रडत होते. मी जवळ गेले नाही.

आता माझं सांगते, कारण मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. त्या वेतातलं एक पिल्लू माझ्या मैत्रिणीने, सीमाने घेतलं होतं, तिच्या छोट्या मायरासाठी. माझ्या शब्दावर. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच लिहिलं होतं की माझ्या भावाकडची पिल्लं आहेत, घरच्यासारखी वाढवलेली, डोळे मिटून घ्या. लोकांनी खरंच डोळे मिटले. उन्हाळ्यात सीमाने विचारलं की आमचा कुत्रा उठताना कण्हतो, तुमचा कण्हतो का गं. तेव्हा भुऱ्या लंगडायला लागला होता. आणि मी तिला म्हटलं, वाढत्या वयात होतं तसं, काळजी करू नकोस. का म्हटलं असेल? भावाचं नाव खराब होऊ नये म्हणून. तुझा खोटेपणा मला माहीत नव्हता, पण माझा मला नीट माहीत होता.

काल मी ट्रेनने लेस्टरला गेले आणि सीमाच्या घरी बसून सगळं सांगितलं. तिने चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. एकच विचारलं तिने, की तू पिल्लांच्या आईचे कागद बघितले होतेस का. मी नाही म्हटलं. मायरा आणि तो कुत्रा बाहेर लॉनवर होते. ती बॉल लांब फेकत नव्हती, अगदी त्याच्या पुढ्यात ठेवत होती. सीमा मला दारापर्यंत सोडायला आली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. रविवारी फोन ठेवता ठेवता तू म्हणालास की टेस पुन्हा गाभण आहे, आठ घरांनी नावं दिली आहेत, अजून दोन पिल्लं राहतील, तर ताई, मागच्यासारख्या दोन ओळी ग्रुपवर टाक, तुझ्या शब्दाला वजन आहे. मी हो म्हटलं होतं. त्या ओळी मी आज सकाळी लिहून ठेवल्या. टेसचे खुबे उथळ आहेत, तिच्या व्हेटने पिल्लं होऊ देऊ नका असं सांगितलं होतं, पहिल्या वेतातली निदान दोन पिल्लं अधू झाली आहेत, आणि ही सगळी माहिती मागच्या वेळी लोकांना न देण्यात माझाही वाटा आहे. खाली माझं नाव आहे. हे पत्र शनिवारपर्यंत तुला मिळेल. रविवारी संध्याकाळी सहा वाजता मी त्या ओळी ग्रुपवर टाकणार आहे. त्याआधी त्या आठ घरांना, आणि पहिल्या वेतातली पिल्लं ज्यांच्याकडे गेली त्या सगळ्यांना, तू स्वतः फोन करून हे सांगितलंस, तर ग्रुपवर माझ्या नावाच्या आधी तुझं नाव लिहीन. पण पहिला फोन आमच्या घरी कर. मी उचलणार नाही. दीनानाथ उचलतील.

तुझीच,
ताई