पूसणीच्या फुलाबद्दल

सर, मंगळवार, ६ जानेवारी १९५९, सकाळी सव्वाअकरा. माझ्या टेबलाशी उभे राहून, सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावता, तुम्ही माझं चित्र सगळ्या वर्गाला दाखवलंत. "अम्मा, हे मार्गळीतलं कोलम झालं. मधलं पूसणीचं फूल कुठाय?" वर्ग हसला; दारातल्या पिठाच्या रांगोळीत मधोमध भोपळ्याचं फूल ठेवायचा तो महिनाच होता. समुद्राच्या थेंबातला तो एकपेशीय डायाटम मी तासभर पाहत होते: काचेची गोल डबी, झाकणासकट, आणि केंद्रापासून कडेपर्यंत षट्कोनी भोकांच्या रांगा. स्क्रू केसभर फिरवला की भोकं उजळतात, परत फिरवला की काळी होतात. दिसतं तेच काढावं, हे कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं. तुम्हाला कुणी मारली नसावी. "इतकं रेखीव निसर्गात नसतं, बायकांच्या हातात असतं," म्हणालात, आणि समुद्राचे नमुने गोळा करायला निघणाऱ्या कोवलमच्या होडीतली, म्हणजे पुढच्या संशोधनाचीही, एकुलती जागा शेजारच्या मुलाला दिलीत. त्यानं काय काढलं होतं ठाऊक आहे? काचपट्टीखाली अडकलेला हवेचा बुडबुडा, जाड काळ्या कडेचा. तुम्ही त्याखाली 'उत्तम' लिहिलंत. सूक्ष्मदर्शकात पाहायला मान वाकवावी लागते, सर. तुमची फक्त वरच्या साहेबांपुढे वाकत असे.

मैलापूरच्या घरी मी रडत सांगितलं, तर आई तांदळाचं पीठ चाळता चाळता म्हणाली, "कोलम म्हणणं शिवी कधीपासून झाली गे? त्याच्या दारात कुणी काढत नाही वाटतं." मग मी शाळेत शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. मुलींना बेडकाचं काळीज दाखवलं, समुद्र नाही. तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी जेवणात पायसम केलं.

आज पुन्हा मार्गळी आहे. पहाटे वाकून मी दारात तीच डबी काढते, एकही भोक न चुकवता. येणारेजाणारे थांबतात. कबूल करते, कोलम म्हणून ती फार छान दिसते. फूल मात्र मी कधी ठेवलेलं नाही.

तुम्ही तेव्हा भिंगातून का पाहिलं नाहीत, याचं लेखी उत्तर मला हवं आहे. भोगीच्या पहाटे दारात जुन्या चटया पेटवतो, त्याआधी. नाही आलं, तर चटयांवर हे पत्र.