खाटेच्या मापाची जीप

आश्विन वद्य तृतीया, शके १८७८

चिरंजीव महिपत यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तुझे दाजी नेहमीसारखे हो ला हो म्हणतात, डोमाजी आणि सूनबाई रुख्मिणी बरे आहेत. काळी गाय व्याली, गोऱ्हा झाला. कापूस फुटायला लागला. तुझं पत्र डोमाजीनं वांकिडीच्या बाजारातून आणलं. वाचलं. पुन्हा एकदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं तू थट्टा करतोयस.

म्हणजे तू खरंच ती जीप मधोमध कापलीस?

लिलावातली मिलिट्रीची गाडी. गोऱ्यांनी लढाईत पिटून टाकून दिली आणि तू व तुझ्या भागीदारानं, त्या बाबारावानं, हळदकुंकू लावून घरी आणली. बाबाराव म्हणे पलटणीत ड्रायव्हर होता. मी तर ऐकलं की तो तिथं कणीक मळायचा.

दसऱ्याला मला दवाखान्यात न्यायला तू ती घेऊन आलास तेव्हाच माझं मन उडालं. चौघांनी मला खाटेसकट उचललं, मागून आत सरकवलं, आणि गुडघ्यापासून पाय बाहेर. अंगावर पांढरी चादर. शेजारची मथुराबाई तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. जिवंत बाईला असं नेतात का रे? गावातून पाय बाहेर काढून माणूस एकदाच जातं. मी ‘उतरवा’ म्हणाले आणि तुला चार शब्द बोलले. त्यातले दोन जरा जास्त झाले असं डोमाजी म्हणतो. मला तसं वाटत नाही.

आणि त्यावर तुझा उपाय काय, तर गाडीच लांब करायची! बाबारावानं चेसी मधून कापली, हातभर लोखंड घालून रिबिटा मारल्या, मागच्या चाकांना फिरवणारा दांडाही जोडून लांब केला. ‘आता खाट सगळी आत मावते’ असं तू लिहितोस, जणू धरण बांधलं.

अरे, पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून लांब गेली की मधलं पोट टेकतं, एवढंही कळू नये? आपल्या ओढ्याचा काठ विसरलास? चढ संपला की लगेच उतार. पुढची चाकं पलीकडे उतरतील, मागची अलीकडेच राहतील आणि गाडी काठाला घोरपडीसारखी चिकटून बसेल. आखूड होती तेव्हा निदान इथपर्यंत येत तरी होती.

हे तुझ्याही लक्षात आलं असावं, कारण पुढं लिहितोस की पोट वर उचलायला चाकांवरच्या जुन्या मऊ कमानी, त्या स्प्रिंगा, काढल्या आणि तिथं ट्रकचे जाड पाटे बसवले. ते बरे की वाईट हे बघायला ज्वारीची पोती लादून राजुऱ्याच्या रस्त्यानं गाडी पळवली, आणि ती लोण्यासारखी चालली. चालणारच. पोत्यांच्या ओझ्याखाली ट्रकचे पाटे दबतात, आणि पोती काही कण्हत नाहीत. मी काय पोतं आहे? माझ्यासारख्या काटकुळ्या बाईच्या वजनानं ते पाटे जागचे हलायचे नाहीत. गाडी रिकामीच आहे असं समजून उड्या मारत जाईल. मऊ कमानी घालशील तर पोट टेकणार, जाड पाटे घालशील तर मी मोडणार. आता बस निवडत. बैल निवडतानाही तुझं असंच व्हायचं.

एवढी घाई कशाची, तर एक तारखेला राज्यं बदलतात. तुझं राजुरा मुंबई राज्यात जाणार, आम्ही आंध्रात जाणार. मग पलीकडच्या दवाखान्यात इकडच्या माणसाला घेणार नाहीत, असं ज्ञान तुला बाबारावानं दिलं. परवा महसुलाचा गिरदावर पीक पाहायला आला होता, त्याला विचारलं. तो म्हणतो, ‘मले काई मालूम नाई बाई. मीच कोन्या राज्यात ऱ्हाईन, ते हुकूम आल्यावर कळन.’ असे हे सरकार चालवणारे! निजाम गेला तेव्हाही म्हणाले सगळं बदलेल. ओढ्यावर पूल काही कोणी बांधला नाही.

माझा पाय म्हणशील तर बरा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोठ्यात घसरले, ते काय मी एकटीच घसरले का जगात? वैदूनं बांबूच्या पट्ट्या बांधल्या आहेत. तुझा तो चांद्याचा डॉक्टर मला न बघताच सांगतो की मांडीचं हाड लवकर नीट बसवलं नाही तर ही बाई पुन्हा चालणार नाही. त्याला म्हणावं, वेचणीला ही बाई कापसात उभी असेल, या बघायला.

येऊ नकोस. आलासच तर गाडी ओढायला बैल सोबत आण.

कौशल्याबाई


कार्तिक शुद्ध दशमी

महिपत, आशीर्वाद. फराळ गयाबाईच्या हाती पाठवला होता, पोचला असेल. चकल्या रुख्मिणीनं केल्या आहेत, तेव्हा दात सांभाळून खा. वाट आता वाळली. राज्य बदललं. शाळेत मास्तरनं पोरांना साखर वाटली, आणि ती खाऊन पोरं घरी आली, इतकंच.

दिवाळीच्या आधी तू पुन्हा आलास आणि गाडी ओढ्याच्या काठावर अडकली, हे मी कोणाला सांगितलं नाही. सगळं गाव काठावरच होतं, सांगणार कोणाला? मला ओसरीवरून सगळं दिसत होतं. चाकं गरागरा फिरत होती आणि गाडी तिथल्या तिथं. बाबाराव खाली वाकून तिच्या पोटाची समजूत घालत होता. शेवटी डोमाजीनं बैलजोडी लावून मागं ओढली. तू चिखलाच्या पायांनी घरी आलास आणि म्हणालास, ‘बाई, गाडी ऱ्हाऊ दे पलीकडं. आमी तुले खाटेवर उचलून काठ पार करून देतो. काऊन आयकत नाई तू?’ मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुले गाडी नाई उचलता आली, अन् मले उचलून राह्यला?’ लोक हसले. तू हसला नाहीस. रुख्मिणीनं पाणी आणलं, ते न पिताच गेलास. तेव्हा मला वाटलं, जाईना. नाक बघा केवढं!

आता जे लिहायचं ते लिहिते.

शितादही झाली. तुला ठाऊकच आहे, कापसाची पहिली वेचणी घरच्या मोठ्या बाईनं करायची. झाडापाशी दहीभात ठेवायचा, पहिला कापूस ओटीत घ्यायचा, मगच बाकीच्या बायांनी हात लावायचा. सासूबाई गेल्यापासून ती मीच केली. डोमाजीच्या वेळी बाळंतीण होते, तरी बैलबंडीत बसून वावरात गेले होते. यंदा मी म्हणाले, थांबा, दोन दिवसांत उठते. थांबले बिचारे. बोंडं फुटून कापूस लोंबायला लागला, शेजारच्या वावरांत वेचणी सुरू झाली. मी पुन्हा म्हणाले, थांबा. तुझे दाजी हो म्हणाले, डोमाजी दात खात बाहेर गेला. मग एका सकाळी रुख्मिणीनं दह्याची वाटी माझ्यासमोर आणून ठेवली, पाया पडली आणि म्हणाली, ‘आत्याबाई, मी जाऊ काय?’

गेली. वाईटच केली. भात सांडवला, कच्ची बोंडं तोडली, गाणं अर्धंच आठवलं. हे सगळं मला मथुराबाईनं येऊन सांगितलं, आणि वर मलाच विचारलं, ‘मंग आता मोठी बाई रुख्मिणी का?’ त्या बयेला अक्कल कधी नव्हतीच. पण सगळ्या बाया वावरात होत्या आणि मी घरात कोंबड्या हाकलत पडले होते, हे खरं आहे.

त्याच दिवशी, घरात कोणी नव्हतं तेव्हा, मी पट्ट्या सोडल्या आणि खांब धरून उभी राहिले. तो पाय आखूड झालाय रे. जमिनीला टेकतच नाही. टेकवायला गेले आणि खाली बसले, ती तुझे दाजी येईपर्यंत तिथंच बसून होते. त्यांनी उचलून खाटेवर ठेवलं. पहिल्यांदाच त्यांनी मला न विचारता काही केलं. मागच्या पत्रात पाय बरा आहे असं लिहिलं होतं. बरा नाही. मला भीती वाटते, महिपत.

तर आता ऐक, आणि बाबारावाचं डोकं मध्ये आणू नकोस. ट्रकचे पाटे राहू दे. गाडी लांब केलीस तीही राहू दे, नाहीतर पुन्हा कापत बसाल. खाट मात्र नको. येताना गाडी रिकामी आण. पोती इथं भरू. खाली ज्वारी, वर गादी, वर मी. पोत्यांनी पाटे दबतील, मग तुझं ते लोणी मलाही कळेल. पोतं म्हणायचं तर म्हण. ओझ्यानं पोट खाली येणार, म्हणून डोमाजीनं आणि गड्यांनी ओढ्याचा काठ फावड्यांनी छाटून टाकलाय. तसल्या कामाला त्यांना एक सकाळ पुरायला हवी होती. दोन दिवस लागले, तेही मी ओसरीवरून ओरडत होते म्हणून. आता तिथून म्हैससुद्धा न घसरता जाते. दवाखान्यात राज्याचं विचारलं तर सांग, बाई तुझीच बहीण आहे आणि हाड कोणत्याही राज्यात सारखंच मोडतं.

मथुराबाईला रडू दे. कोण कोण बघायला येतं त्यांना येऊ दे.

एकच लक्षात ठेव. पहिल्या हादऱ्यालाच मी तोंड सोडीन, हे तुला ठाऊक आहे. बाबारावाच्या सात पिढ्या काढीन, तुलाही सोडणार नाही. रडेन. मला परत घरी ने म्हणून तुझ्या लेकरांच्या शपथा घालीन. याआधी मी दोन्ही वेळा जा म्हणाले आणि तू, मूर्खा, दोन्ही वेळा ऐकलंस. या वेळी माझं ऐकू नकोस. कितीही ओरडले तरी गाडी थांबवू नकोस.

तुझी,
बाई