फ्लोटिंग जॉइंटला मारलेले टाके

आदरणीय भाऊजींना,

वाकून नमस्कार. (कमरेला पट्टा आहे, तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिलीय तितकंच वाकलोय, बाकीचं मनाने.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कट्ट वाजतो का? ताई कशी आहे हे विचारायला मला तोंड नाही, पण विचारलंय असं समजा. चौदा महिने झाले, ती फोन उचलते, "थांब, देते" म्हणून तुमच्या हातात देते, आणि तुम्ही हवापाण्याचं बोलून ठेवून देता. आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे ठीक कुणीच नाही, पण तक्रार कुणी करत नाही. ही माझ्याशी कामापुरतं बोलते. हिचं म्हणणं, ज्या माणसाने तुम्हाला कारखान्यात चिकटवलं, त्याच्यावरच तुम्ही रिपोर्ट लिहिलात. मी म्हणतो, मी सीलवर लिहिला, माणसावर नाही. यावर ही भांडी जरा जोरात घासते.

पत्राला कारण असं की, डब्यांची झाकणं दाबायचं ते मशीन तुम्हाला आठवत असेल. (न आठवून कसं चालेल, त्याच्यापायीच तर निवृत्तीला दोन वर्षं असताना स्टोअर सोडून घरी बसलात, साधा निरोपसुद्धा नाही झाला.) हवेच्या दाबाने सिलेंडरचा रॉड खाली येतो, त्याच्या टोकाची प्लेट झाकण दाबते, रॉड परत वर जातो; दिवसभर तेच, आपल्यासारखंच. त्याचं रबरी सील दर पंधरा दिवसांनी जायचं, हवा सुटायची, लाइन बंद पडायची आणि सगळे माझ्याकडे बघायचे. आता माझा स्वभाव तुम्ही जाणता. मी पट्टी लावून, एक डोळा मिटून, श्वास धरून रॉड आणि प्लेट एका रेषेत आणायचो आणि नट असा आवळायचो की खोलताना मलाच पान्याला पाइप लावावा लागायचा. चोवीस वर्षांत माझं काम हललेलं कुणी पाहिलेलं नाही. तेव्हा दोष माझा असणं शक्यच नव्हतं. उरलं सील, आणि सील आणलं कुणी, तर तुम्ही. एवढंच मी लिहिलं होतं. चार ओळी, खाली सही. (अक्षर चांगलं आलंय असं साहेब म्हणाले होते. तेवढंच.)

तर आता एक नवीन इंजिनीअर आली आहे, माझ्या धाकटीच्या वयाची. तिने एक फ्लोटिंग जॉइंट मागवला. अंगठ्याएवढा ऐवज, रॉड आणि प्लेट यांच्या मधे बसवायचा. आत गोळा, त्यावर वाटी. रॉड आणि प्लेट रेषेत नसले तरी जॉइंट तेवढा फरक अंगावर घेतो आणि सीलवर जोर येऊ देत नाही. हे तिने मला दोनदा समजावलं, मी दोनदा मान डोलावली. मग ती मीटिंगला गेली आणि मी जॉइंट हातात घेतला, तर काय, हलतोय! भाऊजी, हलणारी वस्तू मशीनवर चढवायची म्हणजे माझ्या हाताला कसं होत असेल? मला वाटलं, दुकानदाराने पोरीला गंडवलं, आपण तिची लाज राखावी. मी त्याला वेल्डिंगचे तीन टाके मारले, ग्राइंडरने घासले, वर रंगाचा हात दिला आणि बसवला. गच्च. चार दिवसांत सील गेलं.

तिने जॉइंट काढला, नखाने रंग खरवडला आणि माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "काका, हा हलायलाच हवा," एवढंच म्हणाली आणि दुसरा दिला. तो मी जसाच्या तसा बसवला. त्याला पाच महिने झाले, फुंकरीएवढीसुद्धा हवा सुटलेली नाही. मशीन तापलं की सकाळी जुळवलेली रेषा दुपारी राहत नाही म्हणे. पूर्वी त्या मशीनवरून दर पंधरवड्याला बोलावणं यायचं, आता कुणी हाक मारत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथेच जाऊन बसतो. लागलंय ते मला, खोटं कशाला बोलू? साहेब मात्र खूश. सगळ्यांना सांगतात, नवा जॉइंट आणि नव्या कंपनीचं भारी सील, दोघांनी मिळून काम केलं. तुमच्यावरचा ठपका आहे तिथेच आहे.

आणि घोळ इथेच आहे. (हे बसून वाचा.) दुसरा जॉइंट बसवला त्या दिवशी नवी सीलं स्टोअरमध्ये कुलपात होती, आणि नवा स्टोअरकीपर किल्ली खिशात घालून रजेवर. माझ्या कपाटात तुमच्या वेळच्या खोक्यातलं एक सील पडलं होतं, मी तेच चढवलं. पाच महिने तेच चालतंय. सील तुमचं चांगलं होतं, भाऊजी. हे इतके दिवस मला एकट्याला माहीत होतं, आता तुम्हाला झालं. माझ्या हातून जे झालं ते अजाणतेपणी झालं, मोठ्या मनाने पोटात घाला. ताईला नमस्कार, घेतला तर.

तुमचा (अजून असलो तर) मेहुणा

ता. क. वर 'अजाणतेपणी' लिहिलंय, ते धरू नका. खोडलं असतं, पण पत्र घाण दिसतं. रबर खराब असेल तर सील सगळीकडून सारखं खराब होतं. आपली सगळी सीलं एकाच अंगाने झिजलेली निघायची, म्हणजे रॉड तिरका चालत होता. हे मला रिपोर्ट लिहायच्या आधी दिसलं होतं. हातात धरून नीट बघितलं, भंगारात टाकलं आणि मग लिहायला बसलो.

आणखी एक. सोबत साहेबांच्या नावाचा लिफाफा आहे. त्यात हे सगळं लिहून सही केलीय. चिकटवलेला नाही, वाचून बघा. पुढच्या महिन्यात मला फोरमन करणार आहेत, त्यामुळे आठवडाभर केबिनच्या दारापर्यंत जातो आणि पाणी पिऊन परत येतो. माझ्याने होत नाही. तुम्ही तेवढा पोस्टात टाका. आणि तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, माझी दया येऊन फाडावासा वाटेल. तसं वाटलं तर आधी ताईच्या हातात द्या. ती नक्की टाकेल.